टायर जमवणे आहे

आमच्या घराण्यात 'वाहन' या सदराखाली आजवर जमा झाले ते एवढेच : आजोबांची सायकल, वडिलांची स्कूटर आणि माझी सेकंडहँड स्विफ्ट. तीही बँकेच्या स्टाफ-लोनवर, म्हणजे चाके माझी आणि बाकीची गाडी बँकेची. अशा माणसाला स्पोर्ट्स कारचे टायर शोधत गावभर हिंडायचे काय कारण, असे तुम्ही विचाराल. कारण एकच. लग्न. लग्नात मुलगी मिळते हे सगळे सांगतात. तिच्याबरोबर चुलते मिळतात हे कोणी सांगत नाही.

नाना म्हणजे आमच्या सौ.चे चुलते. वय वर्षे ऐंशी. पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. 1979 साली, देश सोडून निघालेल्या एका परदेशी साहेबाकडून त्यांनी 1967 ची एमजीबी विकत घेतली. इंग्लंडात ॲबिंग्डन नावाच्या गावी 1962 पासून 1980 पर्यंत या गाड्या तयार होत होत्या. पाच लाखांच्या वर झाल्या म्हणतात. त्यांतली नेमकी एक कोथरूडच्या पत्र्याच्या शेडमध्ये यावी, हे विधिलिखित. दोन माणसांची जागा, कापडी टप, सायकलसारखी तारांची चाके. आता मी पडलो बी.कॉम. माझ्या हिशेबाने घटत्या शिलकीवर दरसाल पंधरा टक्के घसारा धरला तर या गाडीची किंमत चहा-खारीएवढीही उरत नाही. पण या पद्धतीची गंमत अशी, की किंमत कितीही घटली तरी शून्य कधीच होत नाही. नानांचे आणि गाडीचे तसेच चालले होते.

काकू 2005 साली गेल्या. तेव्हापासून नाना दर रविवारी गाडी सुरू करत, फाटकापर्यंत नेत आणि तशीच मागे आणून शेडमध्ये लावत. वीस वर्षे हा नेम चुकला नाही. आणि यंदा एके दिवशी त्यांनी जाहीर केले, "काकू असती तर लग्नाला पन्नास वर्षं झाली असती. त्या दिवशी वाईला जायचं. हिच्यातून."

वाई काकूंचे माहेर. नानांनी डॉक्टरचा दाखला जोडून लायसन्सचे नूतनीकरणसुद्धा करून आणले होते. सौ. मला म्हणाली, "तुम्ही जरा गाडी बघून घ्या हो." मी काय बघणार? बँकेत आम्ही माणूस बघत नाही, कागद बघतो. म्हणून मी टायरवर लिहिलेले वाचू लागलो.

टायर वरून नवेकोरे दिसत होते. नक्षी खोल, कडा शाबूत. बाजूवर '165 SR 14' असे लिहिलेले. पलीकडे लंबगोलात चार आकडे : 1403. हा खाते नंबर नव्हे. चौदावा आठवडा, सन 2003. टायरची जन्मतारीख असते ती. दहा वर्षे झाली की टायर कितीही टवटवीत दिसो, त्याला निवृत्त करावे असे ते बनवणारेच सांगतात. मी बोटाने दाबून पाहिले. रबर कसले, वहाणेचा वाळलेला तळ! बाजूला बारीक भेगांचे जाळे.

"नाना, हे टायर संपलेत."

"संपले? जावईबापू, हे दोन हजार किलोमीटरसुद्धा धावले नाहीयेत. भाच्याकडून इंग्लंडहून मागवले होते. काकूच्या आजारपणाच्या आधी."

"धावले नाहीत, म्हणून नक्षी राहिली. पण उभ्या उभ्या म्हातारे झाले."

नाना काही बोलले नाहीत. उगाच बोलून गेलो असे मला वाटले. मग ते म्हणाले, "मग नवे आणा."

आता टायरचा शोध म्हणजे वधूसंशोधनच. पत्रिका आधी जुळावी लागते. आणि ही पत्रिका लिहिणाराही विक्षिप्त. टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत आणि चाकाचा व्यास इंचांत. एकाच ओळीत तीन मापे! ताळेबंदात मी असे लिहिले असते तर ऑडिटरने मला इंचाइंचाने बाहेर काढले असते.

पहिली फेरी नाना पेठेत. दुकानदाराने विचारले, "गाडी कुठली?" म्हटले, "एमजी." तो आनंदला. "हेक्टर ना? आहेत!" 1967 ची आहे म्हटल्यावर त्याने नोकराला मला पाणी द्यायला सांगितले. मग स्वतःच उठून 185/60 R14 घेऊन आला. "साहेब, हे रुंद टाका. लूक येतो."

मी नानांना फोन लावला. त्यांनी तिकडे कॅलेंडरच्या मागे पेन्सिल चालवलेली मला ऐकू येत होती. "एकशे पंच्याऐंशीचे साठ टक्के म्हणजे एकशे अकरा. दोन्हीकडून दोनशे बावीस. चौदा इंचाचे तीनशे पंचावन्न पॉइंट सहा. म्हणजे पाचशे अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. चाक बुटकं होतंय! काटा साठ मैल दाखवील आणि गाडी छप्पनने जाईल. शिवाय आतल्या बाजूला पत्र्याला घासेल ते वेगळंच."

म्हणजे पासबुकात साठ आणि खात्यात छप्पन. बँकेच्या माणसाला हे कसे मानवणार? मी पाण्याचा ग्लास ठेवून उठलो.

दुसऱ्या दुकानात रिमोल्ड निघाले. जुन्या टायरवर नवी नक्षी. नानांनी फोनवरच सांगितले, "मला टोप घातलेला जावई चालेल, टायर चालणार नाही." (मी टोप घालत नाही. पण गरज आहे हे कळले.) इंग्लंडच्या भाच्याने मापाचे टायर शोधून दिले, पण वाहतूक आणि कस्टम धरून जो आकडा आला तो ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात गाडीच तिकडे पाठवून द्या." शेवटी कोणीतरी कुर्ल्याच्या भंगारबाजाराचे नाव घेतले. एका शनिवारी रजा टाकून तिथे गेलो. तिथे एका माणसाने माझ्याच स्विफ्टचा भाव सांगितला. टायर मात्र मिळाले नाहीत.

परत येताना लोणावळ्याच्या अलीकडे गाडीने मान टाकली. पंक्चर. डिकीतून सामान उपसले, स्टेपनी काढली, घाम पुसायला तिच्यावरच टेकलो आणि सवयीने वाचू लागलो.

165/80 R14 85T.

म्हणजे रुंदी तीच. चाक तेच चौदा इंची. मधले '80' तेवढे नवे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर मी ज्या टायरवर बसून टायर शोधत होतो, तोच टायर. मी तिथूनच नानांना फोन केला.

"तो ऐंशी कशाला?" नानांना शंका. "माझ्यावर ऐंशी नाही."

"तुमच्यावर आहेत की, नाना."

दोन सेकंद शांतता. मग ते मोठ्याने हसले. कितीतरी वर्षांनी हसले असावेत. मग पेन्सिल चालली. एकशे पासष्टचे ऐंशी टक्के एकशे बत्तीस, दोन्हीकडचे दोनशे चौसष्ट, वर चाक. बेरीज सहाशे वीस. लगेच शेडमध्ये जाऊन जुन्या टायरवर टेप लावली. जवळजवळ तेवढेच भरले. "अरे, बरोबर! त्या काळी सगळेच टायर साधारण याच घडणीचे. म्हणून टक्का लिहायची पद्धतच नव्हती. गावात सगळेच कुलकर्णी असले की आडनाव कोण सांगतो?"

बाकीची पत्रिकाही जुळली. 85 म्हणजे एका टायरला 515 किलो भार. गाडीचे सगळे वजनच हजार किलोच्या आसपास. जुना S म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत, नवा T म्हणजे 190. मी म्हटले, "नाना, वर दहा किलोमीटर व्याज."

माझ्या स्विफ्टला पंक्चर काढून देणाऱ्या, गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातून पाच टायर घेतले. घेण्याआधी पाचांचीही जन्मतारीख तपासली. दुकानदार म्हणाला, "साहेब, सोनं घेताना पण एवढं बघत नाही कोणी." तारांची चाके असल्याने आत ट्यूब घालाव्या लागल्या, तारांच्या भोकांतून हवा जाते ना! नाना पूर्ण वेळ शेजारी उभे. जुने टायर दुकानदाराने मागितले. चार दिले. एक नानांनी परत शेडमध्ये टांगला. मी काही विचारले नाही.

ठरल्या दिवशी आम्ही वाईला गेलो. मी काकूंच्या जागेवर. खंबाटकीचा घाट नानांनी इतका सावकाश चढवला की उसाचा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देऊन पुढे गेला. पण वळणावर गाडी कुठे सरकली नाही, की घासली नाही. वाईला कृष्णेच्या घाटावर नाना बराच वेळ पायरीवर बसले. मी गाडीपाशी थांबलो. टपाखाली एक जुना, घडी घातलेला स्कार्फ होता. तो होता तसाच ठेवला.

परत आल्यावर नाना म्हणाले, "या टायरची मुदत कधी संपते?"

"दहा वर्षांनी."

"मी नव्वदचा होईन." त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "पुढच्या खेपेला तुम्हीच शोधा. आता माप ठाऊक झालंय."

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मी काउंटरवर रोज चार जणांना समजावतो. त्या दिवशी मला स्वतःला समजावता येईना. घरी आल्यावर मी डायरीत मुदतीची तारीख लिहिली. सौ.ने डोकावून पाहिले आणि विचारले, "ते सगळं ठीक. पण लावायची कुठे?"