नावाची शेपटी



बेळगावातल्या आमच्या धर्मग्रामातील एक आजी प्रभूच्या घरी गेल्या. त्याआधी काही आठवडे मी धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी त्यांच्या आठवणी कॅमेऱ्यावर घेतल्या होत्या. त्यांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर त्यातला थोडा भाग दाखवावा, असं फादरांनी सुचवलं. गुरुवारी रात्री जागून मी अकरा मिनिटांचा व्हिडिओ कापूनजोडून तयार केला आणि 'आजी 12.11' अशा नावाने सेव्ह केला. शनिवारी देवळात लग्नाचं शूटिंग होतं, म्हणून कार्ड पुसलं. कॉम्प्युटरवर जागा नव्हती, म्हणून मूळ क्लिपाही काढून टाकल्या.

शुक्रवारी व्हिडिओ आजींच्या मुलाला दुबईला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "सर, उघडत नाही." मी म्हटलं, तुझ्या फोनमध्येच काहीतरी असेल. मग माझ्याकडे उघडून पाहिला, तर चित्राऐवजी नुसता कोरा पांढरा कागद, आणि 'ही फाइल कशाने उघडू?' असा प्रश्न. तासभर धडपडलो आणि शेवटी त्याला कळवलं की फाइल खराब झाली, आता काही उरलं नाही. त्याने एवढंच लिहिलं, "आईचा आवाज माझ्याकडे दुसरा नाही."

त्या रात्री मला प्रार्थनाही नीट करता आली नाही.

शनिवारी दृढीकरणाचा वर्ग होता. वर्ग संपल्यावर नववीतला एक मुलगा मागे रेंगाळला. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे मी 'अजून तयार नाही' असं लिहिलं होतं, कारण विश्वासांगीकार म्हणताना तो दर वेळी मध्येच अडखळायचा. मी लॅपटॉपपुढे डोकं धरून बसलेला पाहून त्याने विचारलं, "काय झालं, सर?" मी सांगितलं. त्याने फाइलचा आकार पाहिला. "आठशे एमबी आहे, सर. रिकामी फाइल एवढी जड कशी असेल?"

मग त्याने समजावलं. फाइलच्या नावाला शेवटी टिंब आणि एमपीफोर अशी एक शेपटी असते. विंडोज सहसा ती आपल्याला दाखवत नाही, पण फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची हे तिच्यावरूनच ठरवतं. मी तारखेत टिंब दिलं होतं. माझ्या प्रोग्रामला वाटलं, टिंबापुढचं 11 हीच शेपटी, म्हणून त्याने खरी शेपटी जोडलीच नाही. मुलाने आधी फाइलची कॉपी काढली, मग कॉपीच्या नावापुढे इंग्रजीत टिंब देऊन एमपीफोर लिहिलं. कोऱ्या कागदाच्या जागी चित्र आलं आणि आजी बोलू लागल्या.

त्या सांगत होत्या, "पिठाच्या हातानं माळ कशी धरायची? मग मी भाकरी मोजायची. एका भाकरीला एक नमो मरिया. धा भाकऱ्या झाल्या की एक दशक झालं."

मी पुन्हा दुबईला व्हिडिओ पाठवला. बऱ्याच वेळाने फोन आला. तो काही बोललाच नाही, फक्त रडत होता. मीही.

नंतर मला एक गोष्ट समजली. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सहसा तिच्या आत, अगदी सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. शेपटी गेली तरी आतलं एक अक्षरही हलत नाही. आणि उलटंही खरं आहे. दुसऱ्याच प्रकारच्या फाइलला एमपीफोर नाव दिलं, म्हणून ती एमपीफोर होत नाही.

बेथलेहेमात शमुवेल इशायाच्या थोरल्या मुलाचा देखणेपणा पाहून फसला होता. खरा निवडलेला तर रानात मेंढरं राखत होता आणि त्याला बोलवायचं कोणाला सुचलंही नव्हतं. हा धडा मी मुलांना कितीदा शिकवला असेल! तरीही पाठांतराची शेपटी दिसली नाही, म्हणून मी एका मुलाला रिकामा ठरवलं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत माझं नाव आहे. पण आत काय आहे, हे प्रभू पाहतो.

देवळात कॅमेरा सांभाळणाऱ्या मित्रांनो, तुमच्यासाठी थोडं. फाइलच्या नावात टिंब देऊ नका, तारीख आडव्या रेघेने लिहा. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन एक्स्टेन्शन दिसेल असं करून ठेवा. आणि तयार व्हिडिओ दुसऱ्या यंत्रावर शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. माझी फाइल वाचली ती देवाच्या दयेने, माझ्या शहाणपणाने नव्हे.

रविवारी मिस्सेआधी मी वहीतली ती ओळ खोडली. आता दर बुधवारी आम्ही दोघं बसून विश्वासांगीकार म्हणतो. तो अजूनही अडखळतो. मी थांबतो.

हे प्रभू, घाईघाईने कोणालाही पुसून टाकण्यापासून माझा हात आवर. आमेन.