अनुपान

आमच्या लहानपणीं घरांत कोणालाही औषध द्यावयाचें झालें म्हणजे आजीचा एक प्रश्न ठरलेला असे: "अनुपान कोणतें सांगितलें आहे?" तीच मात्रा मधांतून दिली तर तिचा गुण निराळा, तुपांतून दिली तर निराळा, दुधांतून दिली तर आणखी निराळा, असा तिचा दृढ विश्वास होता. पुढें चार बुकें रसायनशास्त्र शिकल्यावर मला तो भाबडेपणाचा वाटूं लागला. औषध तें औषध. मधांतून घेतल्यानें त्याचा रेणू थोडाच बदलणार आहे, असें मीं तिला मोठ्या शहाणपणानें सांगितल्याचें आठवतें. ह्या शहाणपणाचें उत्तर मला २०१४ सालीं ताईच्या उशाशीं उभें असतांना मिळालें.

ताई ही माझी थोरली बहीण. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता, आणि शस्त्रक्रियेनंतर पॅक्लिटॅक्सेल नांवाचें औषध शिरेवाटे द्यावयाचें ठरलें होतें. हें औषध मूळचें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील यू नांवाच्या वृक्षाच्या सालींतलें. वॉल आणि वाणी ह्या जोडीनें आपल्या सहकाऱ्यांसह त्याची रचना १९७१ सालीं प्रसिद्ध केली, त्यांपैकीं डॉ. मनसुख वाणी हे जन्मानें आपल्या नंदुरबारचे. ही माहिती मीं ताईला अभिमानानें पुरविली, तेव्हां ती हंसून म्हणाली, "माणूस नंदुरबारचा आहे ना? मग गुण येईल."

परंतु बाटली लावून पांच मिनिटें होतात न होतात तोंच तिचा चेहरा लालबुंद झाला, छाती आवळल्यासारखी होऊन श्वास अडकूं लागला. परिचारिकेनें तत्काळ नळी बंद केली. अर्ध्या तासानें ती सावरली तेव्हां मीं घाबऱ्या आवाजांत डॉक्टरांना विचारलें, "हें औषध हिला सोसत नाहीं काय?" ते म्हणाले, "दोष बहुधा औषधाचा नाहीं. तें पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून ज्या तेलांतून तें द्यावें लागतें, त्या तेलाचा हा प्रताप." हें तेल म्हणजे एरंडेलावर रासायनिक संस्कार करून तयार केलेलें क्रेमोफोर, व त्याच्या जोडीला मद्यार्क. साध्या प्लॅस्टिकच्या नळींतून नेलें तर तें प्लॅस्टिकांतील द्रव्यें देखील ओढून घेतें, म्हणून नळ्याही निराळ्या वापराव्या लागतात. दुसऱ्या खेपेपासून ताईच्या कागदावर तांबड्या शाईनें "अत्यंत सावकाश" असा शेरा पडूं लागला. क्रेमोफोर टाळून रक्तांतील अल्ब्युमिन ह्या प्रथिनाच्या आधारानें पॅक्लिटॅक्सेल देण्याची युक्ति अमेरिकेंत २००५ पासून मान्य आहे. पण आम्हांला ती माहीत झाली तेव्हां उपचार संपत आले होते.

त्या दिवशीं माझ्याशेजारीं ताईची मुलगी उभी होती. ती तेव्हां औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. ताई त्यानंतर तीन वर्षें होती. भाचीनें पुढें संशोधनासाठीं जो विषय घेतला त्याचें कारण तिनें मला कधीं सांगितलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.

तिच्या विषयाचें नांव एक्झोसोम. आपल्या शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशी मेदमय पडद्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या आपल्या उदरांत घडवून बाहेर सोडीत असते. त्यांचा आकार सुमारें तीस ते दीडशें नॅनोमीटर. शंभर नॅनोमीटरच्या पिशव्या ओळीनें मांडल्या तर एका मिलिमीटरांत दहा हजार मावतील. १९८३ सालीं सेंट लुई व मॉंट्रियल येथील दोन प्रयोगशाळांना अपक्व तांबड्या रक्तपेशी अशा पिशव्या टाकतांना आढळल्या, आणि १९८७ सालीं रोझ जॉन्स्टन ह्या विदुषीनें त्यांना हें नांव दिलें. पेशी आपला केरकचरा बाहेर टाकते, एवढाच अर्थ त्यावेळीं लावला गेला. पुढें २००७ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनीं दाखविलें कीं ह्या पिशव्यांतून एका पेशीचे आरएनएरूपी निरोप दुसऱ्या पेशीस पोंचतात. ज्याला केर म्हटलें तें टपाल निघालें! मग साहजिकच प्रश्न आला: ह्या थैलींत आपलेंही एखादें पत्र टाकतां येईल काय?

"म्हणजे करंजींत सारण भरण्यासारखेंच कीं!" मी एकदां जेवतांना म्हणालों.

"नाहीं, मामा," ती म्हणाली, "करंजी भरून मग मिटतात. ही आम्हांला मिटलेलीच मिळते."

सगळी अडचण ह्या एका वाक्यांत आहे. एक मार्ग असा कीं पिशवी घडण्याआधींच मूळ पेशीला औषध पाजावें आणि तिच्याकडूनच भरून घ्यावें. पण पेशी मारणारें औषध त्या आईलाच मारूं लागतें, आणि पिशवींत किती उतरेल हें आपल्या हातीं राहत नाहीं. दुसरा मार्ग मिटलेली पिशवी उघडण्याचा. औषध तेलकट असेल तर कधीं कधीं उघडावीही लागत नाहीं: २०१० सालीं अमेरिकन संशोधकांनीं हळदींतील कर्क्युमिन एक्झोसोमांत नुसतें मिसळलें, आणि तें एरवींपेक्षां अधिक टिकाऊ ठरलें. गाईच्या दुधांतूनही एक्झोसोम मिळतात. त्यांत पॅक्लिटॅक्सेल घालून उंदरांना तोंडावाटे दिल्याचें वृत्त २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. हळद आणि दूध! आजी असती तर तिनें माझ्याकडे नुसतें पाहिलें असतें.

जें आपण होऊन शिरत नाहीं त्यासाठीं मात्र बळ लागतें. विजेचा क्षणिक झटका देऊन पडद्याला छिद्रें पाडावयाचीं, ही युक्ति ऑक्सफर्ड येथें २०११ सालीं वापरली गेली, आणि उंदरांच्या मेंदूपर्यंत आरएनए पोंचविण्यांत आला. कोणी पिशव्या गोठवून वितळवितात, कोणी बारीक छिद्रांच्या चाळणींतून दाबून काढतात, कोणी सॅपोनिननें पडदा सैल करतात. (आपल्या रिठ्याला ज्यामुळें फेंस येतो तीं द्रव्यें ह्याच जातीचीं.) चौथी रीत श्राव्यातीत ध्वनीनें पडदा हालवून सोडण्याची. उत्तर कॅरोलिनांत २०१६ सालीं नुसतें मिसळणें, वीज व ध्वनि ह्या तिन्ही रीतींनीं पॅक्लिटॅक्सेल भरून पाहिलें, तेव्हां ध्वनीनें सर्वांत अधिक मावलें. आणि सदतीस अंशांवर तासभर ठेवल्यावर पडदा पुन्हा पूर्ववत् झाला. ह्या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व भाची मला दोन वेळां सांगते. पिशवी फुटली, किंवा तिच्या अंगावरील खुणा पुसल्या गेल्या, तर शरीर तिला आपली म्हणून ओळखणार कसें? मग आपण पुन्हा एक नवें एरंडेलच केलें कीं!

हें सारें बव्हंशीं प्रयोगावस्थेंत आहे. असें असतां केसांसाठीं व कांतीसाठीं एक्झोसोम टोंचणारीं दुकानें शहरोशहरीं निघालीं आहेत, ह्याचा तिला भारी संताप येतो.

गेल्या वर्षीं एका रात्रीं तिचा फोन आला. विजेच्या रीतीनें आरएनए भरतांना अपेक्षेच्या कितीतरी पट आकडा आला होता. मला, खरें सांगतों, त्या रात्रीं झोंप आली नाहीं. ताई डोळ्यांपुढें उभी राहिली. आठवड्यानें पुन्हा फोन आला तो निराळ्या आवाजांत. तिनें पिशव्या मुळींच न घालतां नुसत्या आरएनएला तोच झटका देऊन पाहिला होता, आणि आकडा जवळजवळ तोच आला होता! विजेच्या पात्राच्या धातूचे आयन द्रावणांत उतरून आरएनएचे गोळे झाले होते, ते तळाशीं बसले, आणि पिशव्यांत भरले म्हणून मोजले गेले. उट्रेख्टच्या संशोधकांनीं २०१३ सालींच ह्याविषयीं इशारा दिला होता.

मी म्हणालों, "पण थोडें तरी आंत गेलें असेलच ना? तेवढें लिहावयास काय हरकत आहे?"

ती कांहीं वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, "मामा, आईच्या कागदावर जो शेरा असे, तो कोणी तरी खरें पाहून लिहिला होता ना?"

मीं फोन ठेवला तेव्हां माझे कान तापले होते. तिनें तो आकडा वहींत खोडला नाहीं. शेजारीं दुसरा लिहिला, व वर्ष लांबलें. आतां ती पॅक्लिटॅक्सेलकडे वळली आहे. पुढील आठवड्यांत ध्वनीचा प्रयोग आहे, आणि ह्या खेपेस पिशव्यांवांचूनचा नमुना ती सर्वांत आधीं लावणार आहे, असें तिनें कालच कळविलें.