पांचमुड्याचा घोडा

पश्चिम बंगालच्या बांकुडा जिल्ह्यात पांचमुडा नावाचे गाव आहे. हावड्याहून रेल्वेने विष्णुपूर गाठायचे आणि तिथून गाडीने पांचमुड्याला जायचे. विष्णुपूरची मातीच्या नक्षीची जुनी मंदिरे पाहायला पुष्कळ लोक येतात. त्यांतले थोडेच इथवर पोहोचतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोलकात्याला गेलो, तेव्हा आम्ही एक दिवस या गावासाठी राखून ठेवला.

कुंभारवाड्यात शिरताच दारोदारी घोडे उभे. काही वीतभर, तर काही माझ्या धाकट्याच्या डोक्याहून उंच. ताठ लांब मान, पानासारखे उभे कान, कपाळावर आणि छातीवर नक्षी. अखिल भारतीय हस्तकला मंडळाने हाच घोडा आपले बोधचिन्ह म्हणून घेतला होता. २०१८ साली पांचमुड्याच्या या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मुळात हा घोडा शोभेचा नव्हेच. धर्मठाकूर या ग्रामदैवतापुढे तो नवसाला ठेवत. बंगालमध्ये पीरांच्या मजारींवरही मन्नतीचे मातीचे घोडे दिसतात. अशा मन्नतींबद्दल उलमा काय सांगतात, ते वाचकांना ठाऊक आहेच. मी पाहत होते ते कारागिराचे हात.

पाय, मान, तोंड असे भाग चाकावर वेगवेगळे फिरवून घेतात. सगळे आतून पोकळ. ओल्या मातीने ते जोडतात, हाताने आकार देतात आणि सावलीत हळूहळू वाळवतात. घाई केली की तडा जातो. अंगाला भोके ठेवतात, म्हणजे आतबाहेर सारखे वाळते. भट्टीचा धूर बाहेर जाऊ दिला तर घोडा लाल होतो, कोंडून ठेवला तर काळा. माती तीच!

तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांना विचारले, "मडकी करत नाही का?" ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "मडकी आता कोण घेतं बेटी? प्लॅस्टिक आलं. घोडाच पोट भरतो." मग मला भाव करवेना. सांगितले तेवढे पैसे दिले. त्यांनी कान आणि शेपूट उपसून वेगळ्या कागदात बांधून दिले. हे भाग खाचेत नुसते बसवलेले असतात, म्हणून प्रवासात मोडत नाहीत.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "जानदाराचा पुतळा घरात नको." मुलीने लगेच हजरत आयशा (रजि.) यांच्या खेळण्यातल्या पंखांच्या घोड्याची हदीस सांगितली. तो घोडा पाहून हुजूर (स.) हसले होते. सासूबाईही हसल्या, पण म्हणाल्या, "ते खेळणं होतं, तू शोकेसमध्ये मांडणार." बोलणे खरे होते. मुलांच्या खेळण्यांना बहुतेक उलमांनी सवलत दिली आहे; शोभेच्या पुतळ्याची गोष्ट वेगळी.

म्हणून घोडा शाळेत नेला. वर्गातल्या कपाटात सावंतवाडीची लाकडी फळे आणि बिदरी डबी आधीपासून आहेत. तिथे तो मांडून ठेवायला नाही, शिकवायला आहे. मुले कान काढतात, बसवतात, पोटाशी बोटाने टकटक करतात. परवा सहावीतल्या एका मुलीने खाचेत डोकावून मला हाक मारली, "मॅडम, आत कुणाच्या तरी बोटांचे ठसे आहेत!"

त्या दिवशी भूगोलाचा तास पांचमुड्यातच गेला.