डावा हात, उजवे बटण

आमच्या शाळेतल्या संगणकांना आता नवी विंडोज पेलत नाही. म्हणून त्यांच्यावर लिनक्स आहे, हलक्या डेस्कटॉपसह. मी उर्दू-मराठी शिकवतो. दुसरे कुणी तयार नसल्याने ही यंत्रेही माझ्याकडेच आली.

सातवीतली एक मुलगी डावखुरी आहे. ती माऊस डाव्या हातात धरायची आणि दर वेळी भलताच मेनू उघडायचा. "सर, माझा माऊस उलटा आहे," ती म्हणाली. माऊस ठीक होता. डाव्या हाताची तर्जनी उजव्या बटणावर पडते, एवढेच. पालकसभेत तिच्या अम्मी म्हणाल्या होत्या, "सर, हिला सीध्या हाताची सवय लावा."

लिनक्समध्ये माऊसची हालचाल आधी कर्नलला कळते. तिथून ती 'लिबइनपुट'कडे येते. बाण किती वेगाने पळवायचा, कोणते बटण मुख्य मानायचे, हे तिथे ठरते. वेगाचा आकडा उणे 1 ते अधिक 1 यांच्यामध्ये असतो. मी टर्मिनलमध्ये 'एक्सइनपुट'कडून माऊसचे गुणधर्म मागवले. 'लेफ्ट हँडेड एनेबल्ड' या ओळीपुढे 0 होता. त्याचा 1 केला. मुलीने क्लिक केले, चित्र उघडले, ती हसली.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले तर पुन्हा 0. टर्मिनलमधला बदल तेवढ्या बैठकीपुरताच टिकतो. मग 'एक्सऑर्ग'च्या सेटिंगच्या फाईलमध्ये तीच गोष्ट कायमची लिहिली. आता पुढच्या तासाची मुले ओरडू लागली, "सर, माऊस बिघडला!" फाईलमधला नियम त्या यंत्रावर बसणाऱ्या सगळ्यांना लागू होतो. शेवटी ती ओळ काढली, मुलीला वेगळे खाते करून दिले आणि डेस्कटॉपच्या माऊस सेटिंगमध्ये फक्त तिच्यापुरता डावा हात निवडला. हे आधीच सुचायला हवे होते.

लहानपणी मीही डावखुरा होतो. गुरुजींनी पट्टी मारून सवय मोडली. आज उर्दू उजवीकडून लिहितो, मराठी डावीकडून, दोन्ही उजव्याच हाताने. अक्षर बरे आहे. पण फळा पुसायला अजून डावा हात आधी उठतो.

पुढच्या सभेत मी अम्मींना म्हणालो, "आपा, दस्तरखानाचा अदब तिला आहे, ती उजव्याच हाताने जेवते. लिहिण्याचा हात मात्र अल्लाहने दिलाय तसाच राहू द्या."

त्या काही बोलल्या नाहीत. परवा मुलगी सांगत होती, अभ्यास करताना अम्मी आता तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून घेत नाहीत.