कोणी केले?

संसार म्हटला, की त्यात लहानसहान अपघात हे व्हायचेच. पाहुणे दारात उभे असतात आणि नेमके त्याच वेळी दूध उतू जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री दिवे जातात. पावसाळा लागला, की दाराचे लाकूड फुगते आणि दार चौकटीत असे अडकून बसते, की आतल्यांना आत आणि बाहेरच्यांना बाहेर तिष्ठत राहावे लागते. अशा अपघातांनी कोणाचे राज्य बुडत नाही. परंतु त्या घटकेला घरातील माणसांचे चेहरे पाहिले, तर राज्यच बुडाले असावे असे वाटते.

असा काही घोटाळा झाला, म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. एक, ‘काय झाले?’ आणि दुसरा, ‘कोणी केले?’ वास्तविक पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती आल्याखेरीज दुसरा विचारण्यात अर्थ नसतो. पण बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. नळ का गळतो हे पाहण्याआधी तो शेवटी कोणी बंद केला याची चौकशी सुरू होते आणि बहुधा ती घरातील सर्वांत धाकट्या माणसापाशी येऊन थांबते.

साताऱ्यातील एका घरी माघ महिन्यात घडलेली हकीकत या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घर जुने होते. मागे लहानसे परडे होते आणि त्या परड्यात कुंपणावर चढवलेला पावट्याचा वेल होता. या वेलावर आजीचा फार जीव. घराच्या पुढच्या खोलीत संगणक होता आणि त्याच्यावर आबांचा जीव होता. आबा हे निवृत्त शिक्षक. १९६७ साली ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि पाटणजवळच्या एका खेड्यात राहत होते. घराच्या भिंती कशा हलल्या, गोठ्यातली गुरे कशी हंबरली, भर थंडीत सारा गाव शेतात उघड्यावर कसा बसून राहिला, हे सारे आपल्या नातवाला कळावे म्हणून ते लिहून ठेवीत होते. एकेक अक्षर शोधून, एका बोटाने कळ दाबीत त्यांचे लेखन चाले.

एका शनिवारी दुपारी जेवणानंतर ते लिहावयास बसले. त्या दिवशी लेखणीला जणू पंख फुटले होते. दिवेलागणीपर्यंत चार पाने झाली. पाचव्या पानावर आबांनी आपल्या आईच्या आठवणीला हात घातला आणि तोच पडदा काळा झाला. पुन्हा चालू करून पाहिले, तर चार मिनिटांनी यंत्र पुन्हा आपोआप बंद पडले. लिहिलेले जतन करण्याची कळ दाबण्याचे आबांना भान राहिले नव्हते. चारही पाने नाहीशी झाली.

मग तो नेहमीचा प्रश्न आला. “काल यंत्रावर कोण बसले होते?”

बसला होता तो बारा वर्षांचा नातू. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने अर्धा तास एक खेळ खेळला होता, हे खरे होते. वर्षापूर्वी त्याच्याच हातून यंत्र एकदा बिघडले होते, हेही खरे होते. आरोप सिद्ध होण्यास घराला एवढे पुरे झाले. बाबांनी खेळ बंद केला. आईने सुस्कारा सोडला. सर्वांत मोठा आवाज आजीचा होता. “मी सांगत होते, त्या खेळांपायी यंत्राला कीड लागेल. लागली की नाही?” आबा मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते उठून गेले. मुलाला सर्वांच्या बोलण्यापेक्षा हे न बोलणेच अधिक लागले. “मी काही केले नाही हो,” असे त्याने दोनदा सांगितले. परंतु ते ऐकावयास तिथे कोणी उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने त्याला परड्यात पाठवले. ढगाळ हवेने पावट्यावर मावा पडला होता. कोवळे शेंडे काळ्या, बारीक किड्यांनी झाकून गेले होते. पाने चिकट झाली होती आणि देठांवरून मुंग्यांची रांग वरखाली चालली होती. “जेवढे किडे दिसतील तेवढे मार आणि मग राख फुंकर,” एवढे सांगून आजी आत गेली.

मुलाच्या मनात कालचा राग धुमसत होताच. हाती काटकी घेऊन तो वेलापाशी गेला. मावा इतका बारीक, की त्याच्यावर राग काढून समाधान होईना. इतक्यात त्याला माव्याच्या दाटीत निराळेच काही प्राणी फिरताना दिसले. अंग लांबट, रंग काळपट, पाठीवर नारिंगी ठिपके, सहा पाय. जणू बोटाच्या नखावर मावेल एवढी सुसरच! पाहताच शिसारी यावी असे ते रूप होते. हेच या साऱ्या नासाडीचे मूळ असणार, अशी त्याची खात्री पटली. काटकीने तो एकेकाला चिरडू लागला. त्याने अकरा मोजले.

त्याची थोरली बहीण कृषी महाविद्यालयात शिकत होती आणि आदल्या रात्रीच ती सुट्टीला घरी आली होती. ती मागे येऊन केव्हा उभी राहिली, हे त्याला कळलेही नाही.

“यांनी काय केले होते रे?” तिने विचारले.

“सारा वेल खाल्ला यांनी.”

“खाताना पाहिलेस तू?”

“पाहायला कशाला हवे? मावा होता तिथेच हे होते. दिसतातही तसेच.”

ताई क्षणभर थांबली. मग म्हणाली, “चोरी झाली तिथे शिपाई उभा दिसला, म्हणून तू शिपायालाच चोर ठरवलेस.”

तिने घरातून भिंग आणले आणि एका पानाच्या खालच्या बाजूला वाचलेला एक किडा त्याला दाखवला. मुलगा पाहू लागला. किडा सावकाश पुढे सरकला, त्याने माव्यातला एक जीव जबड्यात धरला आणि थोड्याच वेळात तो फस्त केला. मग दुसरा. मग तिसरा. पावट्याच्या पानाला त्याने तोंडही लावले नाही.

“ही ढालकिड्याची अळी,” ताईने सांगितले. “लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा तो गोंडस किडा तू हातावर घेऊन खेळतोस ना? त्याचे हे बालपण. मोठा झाल्यावर तो सर्वांना आवडतो. लहानपणी मात्र त्याला कोणी ओळखत नाही. एकेक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते. माव्याची मादी नराशिवायही पिल्लांना जन्म देते आणि ते पिल्लू आठवड्याभरात स्वतः आई होते. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शत्रूला माणसाच्या दोन बोटांनी किती आवरणार? तिथे हे शिपाईच हवेत.”

“आणि या मुंग्या?”

“मुंग्याही पाने खात नाहीत. मावा झाडाचा रस शोषतो आणि गोड, चिकट थेंब बाहेर टाकतो. त्या थेंबांसाठी मुंग्या माव्याला गुरांसारखे सांभाळतात आणि ढालकिड्यांना हाकलून लावतात.”

मग तिने एक जुनी गोष्ट सांगितली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात संत्र्यालिंबांच्या बागा एका खवलेकिडीने उजाड होत चालल्या होत्या. कोणताच उपाय चालेना. तेव्हा १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून ढालकिड्यांची एक जात मुद्दाम बोटीने आणून त्या बागांत सोडण्यात आली आणि थोड्याच काळात त्या किड्यांनी बागा वाचवल्या. “लोकांनी ज्यांना समुद्रापलीकडून आणले, त्यांच्याच भाऊबंदांना...” एवढे बोलून ताई गप्प राहिली. वाक्य पुरे करण्याची गरज नव्हती.

मुलाने हातातली काटकी खाली टाकली. जमिनीवर अकरा चिरडलेल्या अळ्या पडल्या होत्या. काल आपल्याला जे झाले, तेच आज आपण केले, हे त्याला कोणी सांगितले नाही. ते त्याचे त्यालाच उमगले. फरक एवढाच होता, की त्याला निदान ‘मी नाही’ असे म्हणता तरी आले होते.

त्या दोघांनी मिळून वेलाचे सर्व शेंडे तपासले. चार अळ्या जिवंत सापडल्या. त्या ज्या पानांवर होत्या, ती पाने तशीच ठेवून बाकीच्या शेंड्यांवरचा मावा त्यांनी पाण्याच्या धारेने धुऊन काढला. राख फुंकरली नाही.

दुपारी बाजारातील दुकानातून संगणक दुरुस्त करणारा तरुण आला. त्याने प्रथम कोणालाही काही विचारले नाही. टेबलाखाली ठेवलेल्या पेटीपाशी बसून तो नुसते पाहत राहिला. पेटीवर सुंदर विणकाम केलेले आच्छादन होते. त्याने ते दूर केले, मागच्या बाजूस हात लावला, मग पेटी उघडली. आतला पंखा धुळीने इतका माखला होता, की त्याची पाती दिसत नव्हती.

“गुरुजी,” तो म्हणाला, “ज्या भागाला यंत्राचा मेंदू म्हणतात, तो काम करताना तापतो. पंखा त्याला गार ठेवतो. पंखा धुळीने अडला आणि वारा यायची भोके या कापडाने झाकली गेली. उष्णता फार वाढली, की आपण जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. खेळाने काही झालेले नाही. याला श्वास घ्यायला जागा नव्हती, एवढेच.”

खोलीत शांतता पसरली. ते आच्छादन कोणी विणले होते, हे साऱ्यांना ठाऊक होते. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून आजीने दिवाळीत ते मोठ्या हौसेने केले होते. ‘कोणी केले?’ हा प्रश्न आता विचारता आला असता आणि त्याचे उत्तर बिनचूक देता आले असते. आजीने मुलाकडे पाहिले. मुलानेही आजीकडे पाहिले. मग त्याने ते आच्छादन उचलले, त्याची नीट घडी केली आणि म्हटले, “पंख्यात धूळ झाली होती म्हणायची. आजी, हे आपण रेडिओवर घालू या.”

यंत्रातील ‘कीड’ शोधण्याची एक प्रसिद्ध हकीकत आहे. १९४७ साली ९ सप्टेंबर रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क दोन’ नावाचे गणकयंत्र चुकू लागले. त्या काळी अशा यंत्राने मोठी खोली व्यापलेली असे आणि त्यात विजेने उघडझाप करणारे खटके बसवलेले असत. इंग्रजीत यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याआधीही होती. एडिसनच्या १८७८ सालच्या एका पत्रात तो शब्द आढळतो. पण त्या दिवशी तंत्रज्ञांनी यंत्र तपासले, तेव्हा एका खटक्यात खरोखरच एक पतंग अडकून मेलेला सापडला. त्यांनी तो काढला, रोजवहीच्या पानावर चिकटवला आणि तो कोणत्या वेळी, कितव्या खटक्यात मिळाला याची नोंद केली. ती वही वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. त्या नोंदीत काय सापडले, कोठे सापडले आणि केव्हा सापडले, हे सारे आहे. खिडकी कोणी उघडी ठेवली, याविषयी तिथे अवाक्षरही नाही.

त्या संध्याकाळी आबांनी नातवाला जवळ बोलावले. “काल मी तुला एक शब्दही बोललो नाही,” ते म्हणाले, “पण न बोलणे हीदेखील शिक्षाच असते. ती मी चौकशी न करता दिली. शिक्षकाने असे करू नये.” मुलाला काय बोलावे ते सुचेना. थोड्या वेळाने तो म्हणाला, “आबा, ती पाने पुन्हा लिहायची ना? तुम्ही सांगा, मी कळा दाबतो.” तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर दोघे बसू लागले. आबा सांगत आणि नातू लिही. प्रत्येक परिच्छेद संपला, की जतन करण्याची कळ मात्र आबा स्वतः दाबीत. हरवलेली चार पाने जशीच्या तशी परत आली नाहीत. पण आबांच्या आईविषयी लिहिताना नातवाने मध्येच इतके प्रश्न विचारले, की चाराची नऊ पाने झाली.

परड्यातील चार अळ्यांपैकी तीन काही दिवसांनी पानांना चिकटून कोषात गेल्या. आठवड्याभराने एका सकाळी वेलावर तीन लाल ढालकिडे फिरताना दिसले. शेंड्यांना नवी फुले येऊ लागली होती.

पुढे एकदा सकाळी स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. देवघरातून आजीचा आवाज उठला, “कोणी...” आणि तो तिथेच थांबला. क्षणभराने पुन्हा आवाज आला. या वेळी तो हळू होता.

“काय झाले रे, बाळ?”