अकोट्याचा पूल आणि आमचा खांदा

दांडिया बाजार आणि अकोटा यांना जोडणारा विश्वामित्रीवरील पूल आम्ही आजवर किती वेळा ओलांडला, याची गणती नाही. परंतु 2024 च्या पावसाळ्यानंतर तो ज्या थाटात ओलांडला, तो थाट निराळाच होता. उजवा हात पोटाशी आवळून धरलेले आम्ही, शेजारी डावा पाय उचलून रिक्षात आडवी बसलेली आमची नात, आणि दोघांच्या मध्ये सौ.नी दिलेली, औषधी पाल्याने भरलेली पिशवी. रिक्षावाल्याने आरशातून एकदा आम्हा दोघांकडे पाहिले आणि कोणताही प्रश्न न विचारता खड्डे चुकवीत रिक्षा हाकली. बडोद्याच्या रिक्षावाल्यांविषयी आमचे मत त्या दिवसापासून बरेच सुधारले आहे.

वाचकहो, आमच्या तरुणपणी हा पूल नव्हता. अकोट्याला जायचे म्हणजे काला घोड्यावरून वळसा घेऊन जावे लागे, आणि जावे तरी कशासाठी, असाही प्रश्न असे. तिकडे शेते होती, बाभळी होत्या. 1951 साली तेथे जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला. अंकोट्टक या प्राचीन नगराची ती ठेव आज बडोद्याच्या संग्रहालयात आहे, आणि आम्हा मुलांना अकोटा ठाऊक होते ते तेवढ्यापुरतेच. आज त्याच जागी गर्दीचे, गतिमान उपनगर उभे आहे. पहाटे साडेपाचला पुलावर जाऊन पाहावे. रंगीत बूट घालून धावणाऱ्या तरुण स्त्रिया, डोक्यावर शिरस्त्राण चढवून सायकली पिटाळणारे बँकांतील अधिकारी, हात हलवीत चालणारी निवृत्त मंडळी यांची तेथे जत्रा भरलेली असते. खाली नदीत मगरी निवांत पहुडलेल्या आणि वर माणसे घामाघूम, असा देखावा दुसऱ्या कोणत्या शहरात दिसत असेल असे आम्हांस वाटत नाही.

जेथे एवढी माणसे धावतात तेथे गुडघे दुखणार, घोटे मुरगळणार आणि पाठी धरणार हे ओघानेच आले. त्यामुळे अकोट्याच्या गल्लीगल्लीत भौतिकोपचाराची केंद्रे निघाली आहेत. आमच्या लहानपणी लोक सुताराकडे जावेत तितक्या सहजपणे आज तेथे लोक फिजिओथेरपीला जातात.

आमची तक्रार मात्र धावण्याची नव्हती. जूनपासून उजवा खांदा दुखू लागला. प्रथम वाटले, झोपेत हात अवघडला असेल. मग सदऱ्याची बाही चढवताना ओरडावे लागू लागले, आणि गणपतीत मखराला माळ बांधण्यासाठी हात वर केला तो कानापर्यंतही पोचेना. मधुमेह आमच्या घरी बारा वर्षे मुक्कामाला आहे. मधुमेह्यांना हे खांद्याचे आखडणे विशेष गाठते, हे पुढे कळले. खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी सुजते, मग आकसते आणि हळूहळू सैल होते. या तिन्ही अवस्था मिळून एक वर्ष, दोन वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ जातो. अमेरिकेतील शल्यवैद्य कॉडमन यांनी 1934 साली या विकाराला ‘गोठलेला खांदा’ असे नाव दिले. बडोद्याच्या मे महिन्यात कोणतीही वस्तू गोठू शकते यावर आमचा विश्वास नव्हता, तो आता बसला.

नातीचे दुखणे ताजे होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री, 17 सप्टेंबरला, मिरवणूक पाहताना पायरीवरून तिचा पाय आत मुडपला. घोटा लिंबाएवढा सुजला. नवरात्र 3 ऑक्टोबरला बसणार होते, आणि बडोद्यात जन्मलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला नवरात्रात गरबा खेळता न येणे म्हणजे काय, हे आमच्या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. मराठी घरात देवीसमोर घट बसतो आणि रात्री मुली चनिया-चोळी घालून मैदानावर जातात. आमच्या चार पिढ्या दोन्ही घरे सांभाळीत आल्या आहेत.

सौ.चे म्हणणे असे, की जुन्या पेठेतील एका मालीशवाल्याकडे पोरीला न्यावे. दोन झटक्यांत तो पाय जागेवर बसवतो आणि आठव्या दिवशी माणूस नाचू लागतो. शेजारच्या दोन मावशींनी तशी साक्षही दिली. आम्ही गप्प राहिलो. खरे सांगायचे तर आमचेही मन त्या बाजूला झुकत होते, कारण पोरीच्या डोळ्यांतील पाणी पाहवत नव्हते. एवढ्यात आमचा धाकटा बंधू घरात आला. तो जवळच्याच गल्लीत राहतो. त्याने सगळे ऐकले आणि एवढेच म्हटले, “दादा, आधी फोटो काढ.”

फोटो म्हणजे क्ष-किरणाचा. त्या चार शब्दांनी आमची मान खाली गेली. त्याचे कारण आता लिहिलेच पाहिजे.

1964 च्या उत्तरायणात, म्हणजे 14 जानेवारीला, पतंगाच्या मागे धावताना हा बंधू गच्चीच्या कठड्यावरून खालच्या पडवीवर पडला. तो नऊ वर्षांचा, आम्ही बाराचे. त्याचे उजवे कोपर सुजले. वडील रागावतील या भयाने आम्ही घरी काहीच सांगितले नाही आणि त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हाडवैद्याकडे नेले. त्या गृहस्थाने तेल लावून कोपर चोळले, ओढले, वाकवले. पोर किंचाळत होते आणि आम्ही त्याचे खांदे धरून बसलो होतो. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी आईने त्याला न्हाऊ घालताना हात पाहिला. इस्पितळात कळले की हाड मोडले होते आणि चोळून चोळून स्नायूत नवे हाड धरू लागले होते. कोपराच्या मोडीवर जोराने मालीश केली की असे होते. हे ज्ञान त्या काळच्या डॉक्टरांना होते, आम्हांला नव्हते.

तो हात काटकोनात राहिला तो आजवर. बंधूने नोकरी केली, संसार केला, अक्षर त्याचे आमच्यापेक्षा सुरेख आहे. पण उजवा हात तोंडापर्यंत पोचत नाही म्हणून तो डाव्या हाताने जेवतो. पंगतीत शेजारचा माणूस दचकून पाहतो, मग कोणीतरी कानात कुजबुजते, मग सारे जण अधिकच आग्रहाने वाढू लागतात. साठ वर्षे आम्ही हे पाहत आहोत. त्याने आम्हांला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच अधिक जड जाते.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही जुन्या विद्येचे वैरी आहोत. ज्या दांडिया बाजारात आम्ही राहतो तेथेच जुम्मादादांचे व्यायाममंदिर आहे आणि राजरत्न माणिकरावांचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते. लाठी, लेझीम, मल्लखांब यांच्याबरोबर हाडवैद्यकाची विद्याही त्या आखाड्यात जोपासली गेली. आमचे वडील माणिकरावांच्या हाताच्या गोष्टी सांगत. नुसत्या बोटांनी चाचपून मोड ओळखणारा तो हात होता. 1907 ते 1910 या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण त्यांच्यापाशी शिकला. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद, आपल्या बडोद्याशेजारच्या डभोईचे. योगाने शरीरात नेमके काय घडते हे पाहण्यासाठी त्यांनी 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळातील प्रयोगशाळेत उड्डियान आणि नौली यांचे प्रयोग केले, आणि 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. जुनी विद्या यंत्रापुढे उभी करून तपासावी, हा धडा याच गावातून निघाला आहे. जे तपासून घ्यायला तयार नाही त्याच्याशी आमचे भांडण. जुनेपणाशी नाही.

असो. नातीचा फोटो काढला. हाड शाबूत होते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध अर्धवट फाटला होता. डॉक्टरांनी तिला अकोट्यास धाडले आणि तिच्याबरोबर आम्हीही आपला खांदा घेऊन निघालो.

तेथे पोचलो आणि थबकलो. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर या गल्लीत शिरला होता. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. तळमजल्यावरील त्या केंद्रातील विजेची यंत्रे, शेकाच्या पेट्या, मेणाचे भांडे, सारे पाण्यात गेले होते. उरले होते लोखंडी कठडे, खांद्याचे चाक आणि छताला टांगलेली एक कप्पी. आम्ही परतण्याच्या विचारात होतो. इतक्यात तेथील फिजिओथेरपिस्ट बेन बाहेर आल्या. तिशीच्या आतील गुजराती मुलगी, मराठी उत्तम बोलणारी. ती म्हणाली, “काका, मशीन गेली. भिंत आहे ना? तुमच्या खांद्याला भिंतच लागते.”

आणि खरोखर भिंतच लागली. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढत जायचे, जेथे अडेल तेथे थांबून दहा अंक मोजायचे. कमरेत वाकून हात लंबकासारखा सैल सोडून झुलवायचा. हा व्यायामही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. पाठीमागे पंचा धरून डाव्या हाताने उजवा वर ओढायचा, जशी आपण पाठ पुसतो तशी. कप्पीच्या दोरीने चांगल्या हाताकडून वाईट हात उचलवून घ्यायचा. त्याआधी वीस मिनिटे गरम शेक. यंत्रांनी वेदना काही काळ उतरते, पण सांधा मोकळा होतो तो हालचालीनेच, असे बेन म्हणत, आणि त्यांची यंत्रे वाहून गेल्यामुळे त्यांना खोटे बोलण्याचे कारणही उरले नव्हते.

सौ.ची पिशवीही त्यांनी हसण्यावारी नेली नाही. निर्गुंडीचा पाला गरम करून खांद्यावर बांधायला हरकत नाही म्हणाल्या, शेक तो शेकच. तीळतेलाने हलक्या हाताने अभ्यंग केला तरी चालेल. मात्र मधुमेह्याला चटका लवकर कळत नाही म्हणून पाल्याची ऊब आधी सौ.नी आपल्या मनगटावर पाहावी. नातीच्या ताज्या घोट्याला मात्र तेल, चोळणे, ओढणे सक्त मना.

तिच्यासाठी निराळाच अभ्यास होता. आम्हांला वाटे, मुरगळलेला पाय म्हणजे महिनाभर उशीवर ठेवायचा. 1978 साली गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची असा मंत्र दिला होता. पुढे त्यांनीच विश्रांती आणि बर्फ यांचा अतिरेक नको असे सांगितले. बेननी पहिले काही दिवस पट्टी बांधली, मग लगेच टाच-चवडा हलवायला लावला, मग रबरी पट्ट्याविरुद्ध पाय ढकलायला, आणि मग एका पायावर उभे राहायला. अस्थिबंध फाटतो तेव्हा पाय कोठे कसा आहे हे मेंदूला सांगणाऱ्या सूक्ष्म तारांनाही इजा होते. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. तो तोल परत शिकवावा लागतो. दात घासताना डाव्या पायावर उभे राहायचे, जमले की डोळे मिटून. आमच्या न्हाणीघराच्या दारात ही तपश्चर्या रोज सकाळी चाले आणि सौ. देवघरातून ओरडत, “पडशील गं!”

नातीने पहिल्याच दिवशी विचारले होते, गरबा कधी? बेननी तारीख दिली नाही. म्हणाल्या, ज्या दिवशी न दुखता त्या पायावर दहा उड्या मारशील त्या दिवशी. मुलगी रुसली. पहिल्या माळेला मैत्रिणी न्यायला आल्या आणि पायाकडे पाहून परत गेल्या. पाचव्या माळेला तिने चोरून सहा उड्या मारल्या आणि सातवीला कळवळून बसली. त्या रात्री ती पुन्हा मालीशवाल्याचे नाव काढील असे आम्हांस वाटले. तिने काढले नाही. बंधू तिच्यासमोर बसून डाव्या हाताने खिचडी खात होता.

शेवटच्या रात्री दहा उड्या झाल्या. घोट्याला पट्टी, पायात बूट, घोळ्याच्या अगदी बाहेरच्या रांगेत, गिरकी न घेता, नुसत्या टाळ्यांचा गरबा, आणि तोही अर्धा तासच, अशा अटींवर बेननी परवानगी दिली. आम्ही दोघे भाऊ मैदानाच्या कडेला खुर्च्यांवर बसून घड्याळ पाहत होतो. अर्ध्या तासाची पस्तीस मिनिटे झाली, तेव्हा बंधूने उठून तिला हाक मारली आणि ती मुकाट्याने बाहेर आली.

आमचा खांदा मात्र गरब्याच्या तालावर सुटणारा नव्हता. हिवाळा गेला, उन्हाळा आला. दिवाणखान्यातील भिंतीवर बंधूने काम हाती घेतले. दर रविवारी आमची बोटे जेथवर चढतील तेथे तो आपल्या काटकोनी हाताने जमेल तोवर आणि नंतर डाव्या हाताने पेन्सिलीची रेघ मारी, शेजारी सुरेख अक्षरात तारीख लिही. काही आठवडे रेघेवर रेघच पडे. जुलैच्या एका रविवारी रेघ दिव्याच्या बटणापलीकडे गेली. सौ. म्हणाल्या, आता भिंत रंगवायला हवी. बंधू म्हणाला, थांबा वहिनी, अजून चार बोटे बाकी आहेत.