तंबोऱ्याला तारा चार



मी पेशाने सीए. घरात कोणी "मला अमुक करायचंय" म्हटलं, की माझ्या डोक्यात आधी जमा आणि खर्च असे दोन रकाने उघडतात. सनीव्हेलला येऊन चौदा वर्षं झाली, तरी ही सवय गेलेली नाही.

आमचा मुलगा अकरावीत आहे. गेलं वर्षभर एकटाच एक गेम बनवतोय. जागा कुठली, तर मिरजेतली सतारमेकर गल्ली, म्हणजे माझ्या माहेराजवळची. एका मुलीने दुरुस्त झालेला तंबोरा दिवेलागणीच्या आत गवयाच्या घरी पोचवायचा, एवढीच गोष्ट. कोडिंग झकास चाललं होतं. चित्रं मात्र विचारू नका, म्हैस कुठली आणि रिक्षा कुठली ते कळत नव्हतं.

मी लगेच हिशेब मांडला. चित्रं साठ. एका चित्रकाराने भाव सांगितला नगाला 40 डॉलर, म्हणजे झाले 2,400. स्टीमवर गेम चढवायची फी 100 डॉलर, आणि विक्रीतले 30 टक्के त्यांचे. परवडणारच नाही. मग 30 डॉलरला तयार चित्रांचा एक संच घेऊन दिला. त्यात हत्ती, मोर, राजवाड्याच्या कमानी! दुकानाबाहेर रचलेले भोपळे त्यात कुठून असणार? पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ना, ज्यांचा तंबोरा होतो, ते. एआयला विचारून पाहिलं, तर त्याने गिटारला भोपळा लावून दिला.

शेवटी मी चिडले. "पुढच्या वर्षी कॉलेजचे अर्ज भरायचेत आणि तू ठिपके काय रंगवत बसलायस? कोणी बघणारेय का हे?" तो काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून काम दाखवायचं बंद झालं. तीन आठवडे खोलीचं दार लावलेलं. तुमच्याकडे टीनएजर असेल तर ती शांतता कशी असते, वेगळं सांगायला नको.

बोलणं सुरू झालं ते एल कमिनोवर, गाडीत. तिथे एक कॉमेडी क्लब आहे, बघितला असेल तुम्ही. पूर्वी तिथे अँडी कॅप्स नावाचा बार होता. 1972 मध्ये 'पाँग'चं पहिलं मशीन तिथे लावलं आणि थोड्याच दिवसांत ते बंद पडलं, कारण नाण्यांचा डबा भरून वाहत होता. मला ऐकून माहीत होतं, म्हणून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "आई, तुला वॉरन रॉबिनेट माहितीये? इथेच, अटारीत होता."

मग भडाभडा बोलला. त्या काळी अटारीच्या घरगुती गेमचं सगळं एकच माणूस करायचा, कोडही आणि चित्रंही. रॉबिनेटचा 'अ‍ॅडव्हेंचर' अख्खा 4 किलोबाइटमध्ये बसवलेला. नायक म्हणजे नुसता चौकोन. ड्रॅगनची आकृती आठ ठिपके रुंद, आणि ते ड्रॅगन चक्क बदकासारखे दिसतात. कंपनी गेमवर बनवणाऱ्याचं नाव छापत नसे, म्हणून गड्याने आत एक गुप्त खोली करून तिथे स्वतःचं नाव लिहून ठेवलं.

"बदकं दिसली तरी ती त्याची होती," मुलगा म्हणाला.

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. आमच्या शास्त्रात मालकाने स्वतः केलेली मेहनत खर्चात धरताच येत नाही, इथल्या करातसुद्धा नाही. त्याच्या वर्षभराच्या रात्री माझ्या कोष्टकात शून्य होत्या.

घरी आल्यावर त्याने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. गल्ली ओळखू येत होती! पण तंबोऱ्याला सहा तारा. "अरे, चार असतात," मी म्हटलं. तो मोजायला लागला: चार तारा, मध्ये तीन फटी, म्हणजे दांडी निदान सात ठिपके रुंद हवी. मग मुलीचा हात लहान पडतो, म्हणजे मुलगीही परत काढायची. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं चौकटीच्या वहीत चौकोन भरत होतो. भोपळ्याचा रंग मी ठरवला. (म्हैस अजूनही रिक्षासारखीच आहे. राहू दे म्हणाला.)

मग त्याने विचारलं, "आजीच्या घराचं मागचं दार कुठल्या रंगाचं होतं?"

घर गेल्या वर्षी विकलं. फोटो सगळे पुढच्या अंगणातले, लग्नामुंजीचे. बावीस वर्षं त्या दारातून ये-जा केली आणि मला रंग आठवेना. आईला फोन केला, ती म्हणाली हिरवा. दादा म्हणाला, छे, निळा, मीच दिला होता. दोघांचं फोनवरच जुंपलं.

गेममध्ये ते दार सध्या राखाडी आहे. कोणाचं माहेर मिरजेचं असेल आणि पुढच्या सुट्टीत तिकडे जाणार असाल, तर मला मेसेज करा. पत्ता देते. मागून एक फोटो काढून आणाल का?